निर्मनुष्य बेटावरचं कुलूप

जिथे माणूस राहत नाही त्या बेटावर कुलूप लावायचं डोक्यात येईल कुणाच्या? मामाच्या खात्यातल्या साहेबाच्या आलं. आणि लावलं कुणी? आमच्या मामानं.

मामा खात्याच्या जहाजावर भांडारी होता. दूरदूरच्या दीपगृहांना रसद पोचवायची, हे त्याचं काम. वर्षातून एकदा जहाज त्या बेटावरही जाई. नकाशात ते शोधायला भिंग लागतं. नुसता काळा खडक, झाड औषधालाही नाही, आणि वारा असा की उभा माणूस आडवा व्हावा. बोट लागते ती एकाच घळीत, तीही समुद्राची मर्जी असेल तर. पूर्वी तिथे सील हे समुद्री प्राणी कातड्यासाठी मारणारे उतरले. सील संपले तसे चालते झाले. मग कुणी मेंढ्या नेल्या. त्यांनी होतं नव्हतं ते गवत फस्त केलं आणि उपाशी मेल्या. त्यानंतर तिथे माणूस पोचला तो जहाज फुटल्यावरच.

अशा लोकांसाठी खात्यानं घळीच्या वर दगडी खोली बांधली होती. खिडकी नाही, आणि वाऱ्यानं लाकडी दार उडवल्यावर लोखंडी बसवलेलं. आत डबाबंद अन्न, सरपण, घोंगड्या, काड्यापेट्या. दाराला फक्त बाहेरून कडी. मामा दरवेळी सगळं बदलून ठेवी आणि प्रत्येक पेटीतली एक काडी ओढून बघे. मामी म्हणायची, "घरात साखर संपलेली कळत नाही यांना, आणि तिथे काड्या पेटवत बसतात!"

एका वर्षी काही घोंगड्या कमी भरल्या. साहेब नवा होता, धक्क्यावर उभं राहूनही ज्याला मळमळायचं असला.

"चोरी आहे ही. कुलूप लावा."

"साहेब, तिथे कोण राहतंय चोरी करायला?"

"मग घोंगड्या काय पक्ष्यांनी नेल्या?"

"थंडी वाजली असेल त्यानं नेल्या. त्यासाठीच ठेवतो ना आपण?"

"मला शिकवू नका. किल्ली कार्यालयात राहील."

मामा भांडला, धुसफुसला आणि शेवटी कुलूप आणायला गेला. पण हातात घेतलेलं काम वाईट करणं त्याच्या रक्तात नव्हतं. बाजारातलं सगळ्यात दणकट कुलूप त्यानं निवडलं, खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून त्यात ग्रीस भरलं. त्या नीटनेटकेपणाचा मला आजही संताप येतो.

पुढच्या खेपेला दारापाशी तीन मच्छीमार मरून पडलेले होते. आजूबाजूला फुटलेल्या दगडांचा खच. कुलपावर घावच घाव, पण ते तुटलं नव्हतं. मामानं कार्यालयातून आणलेली किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात उघडलं. आत सगळं जागच्या जागी.

चौकशीत साहेब काय म्हणाला? "सरकारी माल शाबूत आहे." जीभ झडली नाही त्याची! वर उपाय म्हणून पाटी रंगवून घेतली : किल्लीसाठी कार्यालयाशी संपर्क साधावा. ती दारावर ठोकायला मामाच्याच हातात दिली.

मामानं ती जहाजात ठेवली. बेटावर पोचल्यावर त्यानं जहाजावरच्या सुताराला हाताशी धरून ते दार बिजागऱ्यांतून उचकटलं आणि पाटीसकट समुद्रात ढकललं. दाराच्या जागी शिडाच्या कापडाचे जाड पडदे बांधले.

जहाज परतल्यावर ही बातमी कार्यालयात पोचली. "दार कुठाय?" साहेब ओरडला.

"समुद्रात. मारा बुडी, सापडेल."

नोकरी गेली ती त्याच दिवशी. मामा एका दुकानात पोती उचलू लागला.

पुढे एक बोट त्याच खडकांवर फुटली. तिच्यावरची माणसं त्या खोलीत राहिली आणि जिवंत परत आली. कुणाकडून तरी पत्ता काढून, फळांची करंडी घेऊन ती मामाच्या दारात आली.

"अहो, बाहेर या ना," मामी मागच्या खोलीशी जाऊन म्हणाली. "तुमच्यामुळे वाचलो म्हणतायत."

"त्यांना सांग," आतून मामा गरजला, "कुलूपही मीच लावलं होतं. चांगलं बघून!"

बाहेर सगळ्यांना ते ऐकू गेलं. मामीनं करंडी घेतली, पाणी दिलं, बसवून घेतलं. मामा बाहेर आला नाही.