जोडीची रॅम

वैजयंतीच्या हाताला शेलूबाजारच्या चौकात सगळेच वचकून असत. रिठदला माहेरी असताना वाट अडवणाऱ्या एका पोराच्या तोंडावर तिनं भरली कळशी हाणली होती, त्याचे पुढचे दात पडले ते पडलेच. लग्न होऊन इकडे आल्यावर जीप स्टँडवरच्या एका दारुड्याला तिनं चपलेनं बडवत पार पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत नेलं. नवरा नरेंद्र मात्र गाय. त्याच्या तोंडून कुणी शिवी ऐकली नव्हती.

दोघांचं फ्लेक्सचं दुकान स्टँडच्या अगदी समोर. वैजयंती कॉम्प्युटरवर फलक तयार करायची, वाढदिवसाचे, लग्नाचे, श्रद्धांजलीचे. वाशीमहून ते छापून आले की ती कडेनं पितळी रिंगा ठोकायची आणि नरेंद्र शिडी लावून खांबांना बांधायचा. कॉम्प्युटर तिनं स्वतः एकेक भाग निवडून जुळवला होता. पण चौकातले पुढारी वाढले तसे फलकही वाढले. एकेका फलकावर तीस-चाळीस चेहरे, प्रत्येक चेहरा वेगळा कापून बसवायचा. कॉम्प्युटर रडकुंडीला यायचा. रॅम कमी पडत होती. ओटा लहान असला की स्वयंपाकीण कितीही हुशार असो, भांडी खाली ठेवावीच लागतात, तसं.

एक दिवस नरेंद्र अकोल्याहून एक चमचमती रॅमची पट्टी घेऊन आला. तिच्या अंगावर रंगीत दिवे लागायचे.

"आधीची कोन्त्या वेगाची हाय, ते पाह्यलं का?" वैजयंतीनं विचारलं.

"रॅम ते रॅम वं. खाचेत बसली ना बरोबर? लय तेज हाय म्हने."

दुकानदारानं मोबाइलवर दाखवलं होतं तसं त्यानं सेटिंगमध्ये जाऊन नव्या पट्टीचा वेग चालू केला. पहिले काही दिवस कॉम्प्युटर खरंच पळाला. मग मधूनच पडदा निळा पडायला लागला. वैजयंती चिडायची, बंद करून चालू करायची, पुन्हा कामाला लागायची. लग्नसराई होती, कोणाला उसंत होती?

त्यातच उदयसिंगचा वाढदिवस आला. उदयसिंग म्हणजे स्टँडवरच्या जीपवाल्यांचा म्होरक्या. त्याच्याशिवाय एकही जीप मंगरूळपीरकडे हलत नसे. फलकावर त्याच्यामागे त्याची सगळी माणसं हवी होती. फलक पूर्ण झाला आणि त्याच संध्याकाळी उदयसिंगचं आणि पंजाबरावचं फाटलं. पंजाबराव त्याचा जुना भागीदार, काही जीपा त्याच्या होत्या. भर हॉटेलात त्यानं उदयसिंगच्या अंगावर उकळता चहा फेकला होता. उदयसिंगचा फोन आला, "ताई, त्या पंजाबरावचं थोबाड काढून टाका. त्याच्या जागी काही बी लावा."

वैजयंतीनं चेहरा काढला, जागा भरली. फाइल जतन करतानाच पडदा निळा पडला. पुन्हा चालू केल्यावर कॉम्प्युटरनं आपण होऊन एक फाइल समोर आणली. छापखान्यातून फोनवर फोन येत होते, मशीन थांबवून ठेवलं होतं. चाळीस चेहऱ्यांच्या त्या गर्दीत तिनं वरवर नजर टाकली आणि पाठवून दिली. ती जुनी फाइल होती.

सकाळी नरेंद्र शिडीवर चढून फलकाची शेवटची दोरी आवळत होता. खाली जीपवाले हार-तुरे घेऊन जमलेले. कोणीतरी ओरडलं, "अबे, पंजाबराव!" पंजाबराव उदयसिंगच्या खांद्याला खांदा लावून हसत होता.

उदयसिंगचा उजवा हात म्हणजे बबलू. तो पुढं आला आणि त्यानं शिडीला लाथ घातली. नरेंद्र डांबरावर आपटला. उठायचा प्रयत्न करत त्यानं हात जोडले, "चुकी झाली भाऊ, आत्ता काढतो," म्हणाला. बबलूनं जीपमधली चाकं खोलायची लोखंडी टॉमी काढली आणि त्या जोडलेल्या हातांवरच हाणली. हाड मोडल्याचा आवाज समोरच्या दुकानात वैजयंतीला ऐकू आला.

ती बाहेर येते तोच बबलू आणि बाकीचे जीपवाले दुकानात घुसले. टॉमीचा पहिला घाव पडद्यावर, दुसरा कॉम्प्युटरच्या डब्यावर. डब्याचा पत्रा फाटून आतला बोर्ड मधोमध तडकला. त्या चमचमत्या पट्टीचे दिवे काही क्षण तसेच लुकलुकले आणि विझले. वैजयंतीच्या हाताशी रिंगा ठोकायची हातोडी होती. तिनं ती बबलूच्या कानावर मारली. रक्ताची धार त्याच्या नव्या शर्टावर आली. तो गुरासारखा ओरडला, तिचे केस मुठीत धरले आणि तोंड काउंटरच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. तिचा दात तुटून घशाकडं गेला. तिनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि लोकांनी ओढून काढेपर्यंत सोडला नाही.

पोलीस ठाण्यात दोन्हीकडून तक्रारी झाल्या. बबलू जामिनावर सुटला. नरेंद्रच्या उजव्या हातात अकोल्याच्या दवाखान्यात धातूची पट्टी बसवली, पण बोटं पुरती वळणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याचं ऑपरेशन झाल्यावर वैजयंती तुटका डबा पोत्यात घालून अकोल्यातच सपनाच्या दुकानात गेली. सपना कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायची आणि जुळवूनही द्यायची. तिनं डबा टेबलावर उलटा केला, एकेक भाग तपासला.

"ताई, प्रोसेसर वाचला बघा. बोर्ड गेला, पडदा गेला. रॅमच्या पट्ट्या मात्र दोन्ही धड आहेत." तिनं दोन्ही उजेडात धरल्या. "या दोघी एकत्र कोणी लावल्या?"

"काहून? पडदा सारखा निळा पडून राह्यला होता."

"ही जुनी सव्वीसशे वेगाची, ही नवी छत्तीसशेची. एकत्र लावल्या तर दोघींनी हळूच चालायला पाहिजे. पण कोणीतरी जबरदस्तीनं मोठा वेग चालू केला असणार. जुनीला तो झेपत नव्हता. म्हणून पडत होतं. दोन्ही चांगल्याच आहेत, फक्त एकमेकींच्या नाहीत."

वैजयंतीच्या डोक्यात घण पडायला लागले. सपना पुढं सांगत होती ते तिनं दात खाऊन ऐकलं. हा प्रोसेसर डीडीआर-फोर या आधीच्या पिढीच्या रॅमच्या काळातला, म्हणून बोर्ड आणि रॅम फोरचीच. पुढच्या पिढीची, फाइव्हची पट्टी कितीही भारी असली तरी तिच्या कडेचा काप दुसऱ्या जागी असतो, दाबली तर बोर्डावरची खाच फुटते. बोर्डाच्या कंपनीनं कोणत्या पट्ट्या त्यावर चालवून पाहिल्यात ते बघून घ्यायचं. आणि सुटी पट्टी घ्यायची नाही.

"एकाच डब्यातली जोडी घ्या. कारखान्यात दोघींना बरोबरच तपासलेलं असतं. बत्तीस-बत्तीस जीबीच्या दोन. वेग छत्तीसशे, तो या बोर्डावर टिकतो. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा."

"अन् ही उंच पत्र्याची चालन का?"

"ती तुमच्या पंख्याला अडेल. बुटकी घ्या. दिवे पाहिजेत का?"

"दिवे नको," वैजयंती म्हणाली.

तिथून ती सरळ दवाखान्यात गेली. नरेंद्र खाटेवर हात उशीवर ठेवून पडला होता. "तुमच्या त्या पट्टीपायी!" ती ओरडली आणि तिचा हात वर गेला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठली. नरेंद्रनं तोंड चुकवलं नाही. "मार," तो म्हणाला, "मले बी तेच वाटून राह्यलं." वर गेलेला हात काय करावा ते तिला कळेना. ती जिन्यात जाऊन बसली आणि तोंडातलं रक्त पदरात थुंकत राहिली.

नवा कॉम्प्युटर तिनं दुकानातच जुळवला. जोडीच्या दोन्ही पट्ट्या टक् टक् आवाज करत खाचेत बसल्या. वेग चालू केला आणि सबंध दिवस नुसती रॅमची तपासणी लावून ठेवली. हातोडी मांडीवर घेऊन ती समोर बसून राहिली. एकही चूक निघाली नाही.

उदयसिंग स्वतः आला. "ताई, केस मागं घ्या. नवऱ्याच्या दवाखान्याचं मी पाहून घेतो."

"हात परत आनून देता का? मंग घेतो."

तो हसला आणि गेला. दोन दिवसांनी भर दुपारी कोणीतरी दुकानामागची शिडी आणि फलकांचे लाकडी सांगाडे पेटवून दिले. धूर चौकभर झाला. स्टँडवरचा एकही माणूस पाण्याची बादली घेऊन आला नाही. दूर जीपला टेकून बबलू दाढी खाजवत बघत होता.

मग बाजाराचा दिवस आला. वैजयंती एकटीच दुकानात होती. स्टँडवर आरडाओरडा झाला. उदयसिंगच्या आणि पंजाबरावच्या माणसांची भांडणं तिथं आता रोजचीच, तिनं मान वर केली नाही. पण पळणाऱ्या पायांचा आवाज जवळ आला तेव्हा तिनं पाहिलं. बबलू धावत तिच्याच दुकानाकडं येत होता, तोंड उघडं, एक हात पुढं केलेला. दुसरा हात पोटाशी होता, तो तिला दिसला नाही. तिला दिसला तो तिचे केस धरणारा हात. तिनं उडी मारून शटर खाली ओढलं आणि कडी घातली.

बाहेरून पत्र्यावर धपकन अंग आदळलं. "ताई! ताई, खोल वं! मारून राह्यले मले!" मग आणखी पायांचे आवाज, शिव्या आणि ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. शटर आत वाकत होतं. वैजयंती दोन्ही हातांनी कडी धरून उभी राहिली. शटरखालच्या फटीतून रक्त आत आलं तेव्हा तिनं कडी काढली. पंजाबरावची पोरं कोयते घेऊन परत चालली होती. तिनं तिघांचेही चेहरे नीट पाहिले. बबलू उंबऱ्याशी मुडपून पडला होता. त्याला जीपमध्ये घालेपर्यंत तो गेला.

तिसऱ्या दिवशी बबलूची आई नानीबाई दुकानात आली. तिला वैजयंतीनं कधी पाहिलं नव्हतं. म्हातारी काउंटरला धरून उभी राहिली, मोबाइल पुढं केला. "पोराचा फलक कराचा हाय. चौकात लावाले."

वैजयंतीनं मोबाइल घेतला नाही.

"तुह्याच दुकानाकडं पयत होता म्हन्तेत," नानीबाई म्हणाली. "तू पाह्यलं का?"

"पाह्यलं. म्याच शटर ओढलं. मले वाटलं, तो मलेच मारायले येऊन राह्यला."

नानीबाईनं काउंटरवरून हात लांब करून तिच्या तोंडात मारली. तुटक्या दाताच्या जागी पुन्हा रक्त आलं. तिनं आणखी एक मारली. वैजयंती हलली नाही. गावात जिच्या हाताला लोक भीत, ती हात खाली सोडून मार खात होती. दवाखान्यातून सुटून आलेला नरेंद्र दुकानाच्या कोपऱ्यात बसला होता, तो उठला, तशी तिनं त्याला मानेनंच थांबवलं. म्हातारीचं बळ संपलं. ती खाली बसली, छाती बडवून घेत रडली. बऱ्याच वेळानं तिनं नरेंद्रच्या हाताकडं पाहिलं.

"हे त्यानंच केलं का?"

"हाव," नरेंद्र म्हणाला.

नानीबाईनं डोळे पुसले आणि मोबाइल पुन्हा पुढं केला. "फोटो मोठा कर. अन् त्याच्या बाजूले कोनाचंच थोबाड नको. उदयसिंगाचं तर नकोच नको."

वैजयंतीनं कामाला हात घातला. फोटो अंधुक होता, तो जामिनावर सुटल्यानंतरच्या एका लग्नात कोणीतरी घाईत काढलेला. फलकाएवढा मोठा करताना एकेक केस, दाढीचा एकेक खुंट तिला निगुतीनं साफ करावा लागला. फाइल फुगत गेली. कॉम्प्युटर कुठं अडला नाही. त्या चेहऱ्याचा कान साफ करताना तिला आपल्याच हातोडीची खूण दिसली. ती तिनं तशीच ठेवली.

पोलिसांना तिनं पंजाबरावच्या तिन्ही पोरांची नावं सांगितली. पंजाबरावनं माणूस पाठवून तिला तोंड बंद ठेवायला बजावलं. तिनं त्या माणसाला दुकानातून ढकलून दिलं, त्याचं कपाळ खांबावर फुटलं. आता स्टँडवरचे दोन्हीकडचे लोक तिच्याशी बोलत नाहीत, आणि काम येतं ते जऊळक्याकडून, रिठदकडून, बाहेरगावच्या लग्नांचं. नरेंद्र डाव्या हातानं दोरी बांधायला शिकलाय.

दुकानावरच्या हल्ल्याचा आणि बबलूच्या खुनाचा, दोन्ही खटले चालूच आहेत. तारखेच्या दिवशी वैजयंती मंगरूळपीरच्या कोर्टात जाते. नानीबाईही जाते. जीप एकच असते. म्हातारी पुढं ड्रायव्हरशेजारी बसते, वैजयंती मागं. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नाहीत. गेल्या तारखेला जीप गच्च भरली होती आणि पुढची जागा गेली होती, तेव्हा नानीबाई मागं चढली. वैजयंती सरकून बसली आणि म्हातारीनं, जीप खड्ड्यात आदळल्यावर पडू नये म्हणून, तिचा दंड धरला.