धरणावरच्या गोधड्या

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत नळाला पाणी यायचं ते बायकांना भांडायला लावण्यापुरतं. त्यात गोधड्या धुणार कोण? म्हणून नवरात्राआधीच्या रविवारी अख्खी चाळ टेम्पोत गाठोडी टाकून शिळफाट्यापलीकडच्या छोट्या मातीच्या धरणावर जायची. नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. आमची सहल म्हणाल तर तेवढीच. बायका काठावर गोधड्या आपटायच्या, आमच्या मात्र बाबाच धुवायचे, पोरं पाण्यात डुंबायची आणि बांधाच्या उतारावर सगळ्यांचे संसार वाळत पडायचे. कुणाच्या गोधडीत कुणाचं जुनं लुगडं शिरलंय, यावरून आई दिवसभर सगळ्यांची फिरकी घ्यायची. घरी चार शब्द न बोलणारी ही बाई तिथे एवढी हसते कशी, याचा मला चक्क राग यायचा.

एका वर्षी श्रावणात ती गेली. तापाचं निमित्त झालं.

तिची गोधडी बाबांनी कुणाला देऊ दिली नाही. रोज उशाशी घेऊन झोपायचे. तिच्या तेलाचा, अंगाचा वास होता तिला. दुपारी घरात कुणी नसलं की मीही तिच्यात तोंड खुपसायचे. आईचं तेवढंच उरलं होतं आमच्याकडे.

त्या वर्षी आमच्या घरी घट बसणार नव्हते. तरी शेजारणी म्हणाल्या, "चला हो, घरात बसून काय करणार?" बाबांनी स्वतः गाठोडं बांधलं. माणूस घराबाहेर तरी पडतोय, म्हणून मला बरं वाटलं.

धरणावर पोचल्यावर मी चुलीसाठी काटक्या गोळा करायला गेले. परत आले तर बाबा गुडघाभर पाण्यात उभे, हातात ओली गोधडी. ती एकट्याला पिळता येत नाही, म्हणून मी दुसरं टोक धरलं. धरलं आणि काठ ओळखला. आईच्या हिरव्या लुगड्याचा होता.

"बाबा, ही कशाला धुतलीत?"

त्यांनी हातातल्या गोधडीकडे पाहिलं. मग ती तोंडाशी नेऊन मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला. पोरं बांधावरून धबाधब उड्या मारत होती, त्यांचा मला भयंकर संताप आला.

"नुसता साबण येतोय गं," ते म्हणाले.

दोघांच्या हातांतून पाणी गळत राहिलं.

"दरवर्षी तिचीच पहिली धुवायला घ्यायचो," बाबा म्हणाले. "रात्रीपर्यंत सुकायला पाहिजे ना, तिला पांघरायला."