घरचा नंबर

कॉलेजच्या ऑफिसात मी तीस वर्षं प्रवेशाच्या खिडकीमागे बसले. अर्ज घ्यायचा, तपासायचा, त्रुटी असेल तर परत करायचा. माझा आवाज जरा चढाच, आणि परत करताना तो आणखी चढायचा. "फोटोवर सही कोण करणार? मी?" असं मी म्हटलं की रांगेतली मागची दहा पोरं आपापले फोटो तपासायला लागायची. रत्नागिरीच्या बाजारात आजही कुणी चाळिशीतला माणूस मला बघून उगीचच शर्टाची कॉलर नीट करतो, तेव्हा मी समजते, याचा अर्ज मी कधीतरी परत केलेला आहे.

रिटायर झाल्यावर हे सगळं सुटेल असं वाटलं होतं. कसलं सुटतंय! बारावीचा निकाल लागला की आळीतली पोरं फायली घेऊन माझ्याकडे हजर. गेल्या वर्षी समोरच्या घरातली मुलगी आली, सोबत तिची आई. वडील बोटीवर. बोटीवर म्हणजे मालवाहू जहाजावर, इंजिनरूममध्ये. नऊ महिने समुद्रात आणि तीन महिने घरी, असा त्या घराचा हिशोब.

मुलीला सायन्सला उत्तम मार्क होते. मी मनातल्या मनात तिचं सगळं ठरवून टाकलं होतं. इथेच बी.एस्सी. केमिस्ट्री करायचं, मग लोट्याच्या एमआयडीसीत एखाद्या कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी. कंपनीची बस, जनरल शिफ्ट, रविवारी घरी. मी हे सांगायला लागले तेव्हा तिच्या आईने तर मान डोलवायलाही सुरुवात केली.

"काकी, मला संख्याशास्त्र घ्यायचंय," मुलगी म्हणाली. "पुण्याला."

"ते काय असतं?" तिच्या आईने विचारलं. खरं सांगायचं तर तीस वर्षं खिडकीत बसूनही नीट उत्तर मला देता आलं नसतं. म्हणून मी चिडले. उत्तर येत नसलं की मी चिडते. "पुण्याला जाऊन बेरजाच करायच्या तर त्या इथे होत नाहीत?" असं काहीतरी मी बोलले.

मुलगी वाद घालणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्या दिवशी तिने एक वही आणून माझ्यासमोर ठेवली. तिचं आजोळ हर्ण्याला. दर मे महिन्यात तिथे गेली की संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी ती मामासोबत किनाऱ्यावर जायची आणि लिहून ठेवायची. आज किती होड्या आल्या, कुठल्या होडीत सुरमई, कुठल्या होडीत नुसताच बांगडा, वारा कुठला, भरती किती वाजता. चार मे महिने ओळीने लिहिलेले होते. शेवटच्या पानांवर तिने आलेख काढले होते आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मामा म्हणतो तसं नाही. वाऱ्याचा संबंध कमी आहे, भरतीचा जास्त."

ही वही मी दोनदा वाचली. मग फोन करून म्हटलं, "पुण्याचा अर्ज भरायला उद्या या. दोघी या." आणि फोन ठेवल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच चहा करून प्यायले.

अर्ज ऑनलाइन होता. मी टाइप करत होते, शेजारी मुलगी कागद देत होती, समोर तिची आई बसली होती. एकेक रकाना भरत मोबाईल नंबरपाशी आलो. मी विचारायच्या आत तिच्या आईने दहा आकडे घडाघडा म्हणून दाखवले. नंबर नवऱ्याचा होता.

इथे मला त्या घराची एक रीत सांगितली पाहिजे. त्या घरात सगळीकडे त्याचाच नंबर दिलेला. गॅस, रेशन, लाईटबिल, शाळा, सगळं. बायकोकडे स्वतःचा चांगला फोन, पण त्याचा नंबर कुठेही लिहायचा नाही. बोट बंदराला लागली की त्याच्या फोनवर महिनाभराचे मेसेज एकदम यायचे आणि तो मोठ्या उत्साहाने व्हॉट्सॲपवर कळवायचा, "उद्या सिलिंडर येतोय, घरात थांब." त्या सिलिंडरवर घरात वीस दिवस स्वयंपाक झालेला असायचा. ती हसायची आणि त्याला लिहायची, "हो, थांबते." एकदा मी तिला म्हटलंसुद्धा, की हा काय खुळेपणा? तर म्हणाली, "ऱ्हावंदे काकी. घरचा नंबर तोच. तेवढंच त्यांना वाटतं, घरात हाय म्हणून."

माझ्यासारखीने तिथेच हात थांबवायला हवा होता. बोटीवरच्या माणसाचा नंबर अर्जात कोण घालतं? पण त्या दिवशी त्याची बोट कुठल्याशा बंदरात उभी होती. ओटीपी गेला आणि दुसऱ्या मिनिटाला त्याचा फोन आला. त्याने सहा आकडे वाचून दाखवले, लेकीला म्हणाला, "बाय, पुण्याक जाणार तू?" आणि पलीकडून त्याचे दोस्त ओरडल्याचं ऐकू आलं. आम्ही तिघी खूष. अर्ज गेला. खिडकीमागे असते तर हाच अर्ज मी तोंडावर परत फेकला असता, हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

पुढच्या महिन्यात यादी लागली. मुलीचं नाव पहिल्याच यादीत. दोन दिवसांत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, लॉगिन करून प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा पुढच्याला जाणार. मी लॉगिन केलं. ओटीपी पाठवला आहे, असं स्क्रीनवर आलं. आणि बोट मध्यंतरी निघून समुद्राला लागली होती.

बोटीवर इंटरनेट थोडंफार मिळतं, त्यामुळे व्हॉट्सॲप जायचं. पण ओटीपीचा मेसेज यायला टॉवर लागतो, आणि भर समुद्रात टॉवर कुठला? तो बिचारा दर दहा मिनिटांनी लिहीत होता, "आला नाही. परत पाठव." मग, "डेकवर येऊन बघतो." मग, "वर धरून बघितला. नाही." आम्ही अकरा वेळा ओटीपी मागवला. अकराव्यांदा तर स्क्रीनवर उलट धमकी आली, की आता दिवसभर काही मागू नका. कॉलेजचा फोन लागेना.  मुलीने कागद एकावर एक नीट लावले आणि पुन्हा विस्कटून पुन्हा लावले.

चूक माझी होती. ते मी त्या दोघींना सांगितलं, कारण तिची आई "माजंच चुकलं, मीच नंबर दिला" असं म्हणत डोळे पुसत होती. "तू दिलास, पण टाइप कुणी केला?" मी ओरडले. "तीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज परत केले आणि हा मला दिसला नाही. उद्या पहाटेची पहिली एसटी. तिघी जाऊ. रडायचं ते गाडीत रड."

आंबा घाटात इतकं धुकं होतं की ड्रायव्हर जवळजवळ चालतच गाडी नेत होता, आणि मी घड्याळ बघत होते. तिच्या आईने चपात्या आणि सुकटीची चटणी बांधून आणली होती. डबा उघडल्यावर पुढच्या सीटवरच्या कोल्हापूरच्या गृहस्थांनी खिडकी उघडली. त्याही अवस्थेत मुलगी फिस्कन हसली. मला तिचं ते हसणं फार आवडलं. मनात म्हटलं, हिचं काम झालंच पाहिजे.

कॉलेजात पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. रांग होती. खिडकीत पंचविशीतली एक मुलगी, केस घट्ट बांधलेले, आवाज चढा. पुढच्या पोराला ती म्हणत होती, "हे मला कशाला दाखवताय? झेरॉक्स कुठंय?" मी ऐकलं आणि हातातल्या फाइलमधले झेरॉक्स मोजायला लागले. खिडकीच्या या बाजूला मी आयुष्यात पहिल्यांदाच उभी होते.

आमचा नंबर आला. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नंबर बदलायचा तर पालकांचं सही केलेलं पत्र लागेल."

"पालक समुद्रात आहेत," मी म्हटलं.

"मग ते आल्यावर या."

"ते डिसेंबरात येतील! तोवर तुम्ही जागा ठेवाल का?" माझा आवाज चढला.  आणखी दोन वाक्यं बोलले असते तर तिने खिडकी बंद केली असती, हे मला माहीत होतं, कारण मी तेच केलं असतं. तरी तोंड थांबेना. तेवढ्यात माझ्या दंडावर हात पडला. मुलीची आई मला बाजूला सारून पुढे झाली. कुठल्याही ऑफिसात ती बोलायची नाही. रेशनवाल्याकडेसुद्धा मला पुढे करायची.

"म्याडम," ती म्हणाली, "मी तिची आय. माजी सही चालंल काय?"

खिडकीतल्या मुलीने तिच्याकडे बघितलं. "चालेल की. पालक म्हणजे आई किंवा वडील. आधी सांगायचं ना."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. घरातून निघाल्यापासून 'पालक' म्हटलं की माझ्यासुद्धा डोळ्यासमोर तो बोटीवरचा माणूसच होता. नऊ महिने एकटीने पोर वाढवणारी बाई माझ्या शेजारच्या सीटवर बसून आली होती.

कागद मिळाला. मी मजकूर सांगितला, मुलीने लिहिला, आईने सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढत सही केली. खिडकीतली मुलगी आता जरा मऊ झाली होती. कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाली, "हां, तुमचा नंबर सांगा."

मुलीच्या आईने पर्समधून फोन काढला, उलटसुलट केला, माझ्याकडे बघितलं. नवऱ्याचे दहा आकडे घडाघडा म्हणणाऱ्या त्या बाईला स्वतःचा नंबर येत नव्हता. कधी कुणाला दिलाच नव्हता, तर येणार कुठून? भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते.

तेव्हा मुलीने मागून तो नंबर सांगितला. न थांबता, न अडखळता, दहाच्या दहा आकडे.

आई वळली. "तुला माजा नंबर पाठ हाय?"

"मग?" मुलगी म्हणाली. "शाळेतनं फोन कुणाला करायचे मी? गाडी चुकली की कुणाला? ताप आला तेव्हा कुणाला?"

 आईच्या हातातला फोन वाजला. ओटीपी आला होता. तिने फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागली. खिडकीतली मुलगी म्हणाली, "अहो, हळू, सगळ्यांना नका ऐकवू," पण ती मोठ्यानेच वाचत राहिली. चौथ्या आकड्यावर तिचा आवाज फुटला. उरलेले दोन मुलीने वाचले.