मशीन पुसणारी

वर्कशॉपच्या परीक्षेत परीक्षकांनी जॉब, म्हणजे लेथ मशीनवर घडवलेला लोखंडी तुकडा, मागितला. मी तो स्वच्छ पुसून, तेलाचा डागही न ठेवता, सरांच्या हातात दिला. सरांनी खिशातून रुमाल काढला. जॉब पुन्हा पुसला. मगच पुढे केला.

परीक्षकांनी माप घेतलं. म्हणाले, "फिनिश बढ़िया है. किसने बनाया?"

"बच्चों ने," सर म्हणाले.

"और ये?" परीक्षकांनी माझ्याकडे बोट केलं.

"ये मशीनें पोंछती है. सफ़ाईवाली समझिए."

चाळीस मुलं उभी होती. चाळिसांचे जॉब मी केले होते.  

मी आयटीआय केलेली टर्नर. लेथवर लोखंडाचा गज बांधून तो हव्या त्या मापाला उतरवणं हे माझं काम. बनारसबाहेरच्या त्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप असिस्टंट म्हणून लागले होते. बाबा भुसावळकडचे. रेल्वेचे डबे झाडायच्या नोकरीवर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी. सर आमचे विभागप्रमुख. ब्रह्मा घाटावरचे मराठी ब्राह्मण, पिढ्यान्‌पिढ्या काशीत. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून खूश झाले. "अरे वा, आपल्याच की तुम्ही. आडनाव काय?" मी सांगितलं. बाबा काय करायचे तेही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी 'तू' झाले. बाकीच्यांचा चहा कपात यायचा, माझा कागदी ग्लासात.

मुलांना कंप्युटरची नोकरी हवी होती. लेथवर हात काळे कोण करणार. सरांना निकाल हवा होता. म्हणून दर परीक्षेला मुलांच्या नावाने मी जॉब करायचे. चार वर्षं. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. बोटांत लोखंडाची कुसळं रुतायची, आई सुईने काढायची.

त्या परीक्षेच्या दिवशी घरी आले आणि बाबांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "मी झाडू मारला तो तुला मारायला लागू नये म्हणून. सोड हे. बी.ए. कर, बँकेची परीक्षा दे. खुर्चीवर बस."

मला भांडायचीही ताकद नव्हती. पण पटलं नाही. लोखंडाने माझा कधी अपमान केला नव्हता. माणसांनी केला होता. मग मी लोखंड का सोडू? मी साचे बनवायच्या डिप्लोमाचा अर्ज भरला. तिथे निम्म्याहून जास्त दिवस मशीनवरच जातो.

पुढच्या परीक्षेआधी वर्कशॉपमध्ये, मुलांसमोरच, सरांनी यादी पुढे केली. "शुक्रवारपर्यंत चाळीस."

"मी करणार नाही, सर. मुलांना शिकवते. त्यांना करू दे."

"तुला शिकवायला ठेवलंय?"

"दुसऱ्याच्या नावाने जॉब करायलाही नाही ठेवलेलं."

सर आवाज न चढवता म्हणाले, "डिप्लोमा करणार आहेस म्हणे. कर. तुम्ही लोक कितीही शिकलात तरी हातात फडकंच राहणार."

"तुम्ही एक करून दाखवा, सर. एकच. उरलेले मी करते."

मुलं मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागली. सर लेथसमोर उभे राहिले. गज उचलला, परत ठेवला. त्यांना तो बांधताही येत नव्हता, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. मी एप्रन काढला आणि निघाले.

कॉलेजने अनुभवाचं पत्र दिलं नाही. बाबा अजून नीट बोलत नाहीत. मी अठ्ठावीसची, डिप्लोमाच्या वर्गातली पोरं सतरा-अठराची. मला दीदी म्हणतात. पहिले काही महिने नुसती कानस चालवायची, लोखंडाचा ठोकळा सपाट होईपर्यंत. खांदे भरून येतात. फार उशीर झाला, असं रोज वाटतं. रोज जाते.

डिप्लोमा झाला की मी वर्कशॉप शिकवणार आहे. एका ठिकाणी घेतलं नाही तर दुसऱ्या ठिकाणी. जो मशीनला हात लावणार नाही, तो माझ्याकडून पास होणार नाही. मग तो कुणाचाही मुलगा असो.