वहिनींच्या रेकॉर्डमध्ये गेलेली लाईट

मी काय करते, हे आमच्या लोधीपुऱ्यात कोणाला समजावून सांगायच्या भानगडीत मी आता पडत नाही. दिवसा ऑफिस करते, एवढं पुरतं. संध्याकाळी मी लोकांचे जुने व्हिडिओ गेम तपासते असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "पैसे किती देतात?" काही देत नाहीत. मग तो आणखी हसतो.

लहानपणीचे ते कॅसेटचे खेळ, ज्यांत एक ठेंगणा शिपाई पळत सुटतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो आणि शेवटी किल्ल्यात पोचतो, ते आजही जगभर लोक खेळतात. कोण सगळ्यात कमी वेळात किल्ला गाठतो याची शर्यत असते. तिला स्पीडरन म्हणतात. खेळणारा स्वतःचा व्हिडिओ पाठवतो आणि आम्ही काही हौशी माणसं तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. कुठे दोन तुकडे जोडलेत का, आवाज मध्येच तुटतो का, सावली जागा बदलते का. एकेक फ्रेम पुढे सरकवत. माझा स्वभाव मुळातच शंकेखोर, त्यामुळे हे काम मला मानवलं. आई म्हणायची, ही भाजीवाल्याचा तराजू सुद्धा वाकून बघते.

माझी वहिनी हा खेळ खेळते हे मला उशिरा कळलं. दादाचं घर तुकईथडला आहे, केळीची शेती. वहिनींनी माहेराहून आणलेल्या सामानात तो जुना गेम होता, आणि दुपारी भांडी आवरली, घर आडवं झालं, की त्या खेळायच्या. आवाज बारीक करून. एकदा मी अचानक दुपारी गेले तेव्हा त्यांना पाहिलं आणि दारातच थांबले. बाई गं, काय हात होता! मी इतके व्हिडिओ पाहिलेत, पण इतकी सहज उडी फार थोड्यांची पाहिली होती. मी म्हटलं, "वहिनी, हे पाठवा." त्या म्हणाल्या, "फालतू काही बोलू नका ताई. कोण पाहणार?"

तरी त्यांनी पाठवला. मी परतल्यावर, एकट्या असताना, मोबाईल एका बाजूला उभा केला, म्हणजे टीव्हीही दिसेल आणि त्यांचा चेहरा, हातही. त्या खेळाच्या यादीत कोणाचाच वेळ त्यांच्याइतका कमी नव्हता. घरच्या माणसाचा व्हिडिओ मी तपासू शकत नाही, तसा नियमच आहे, म्हणून मी बाजूला झाले आणि तो दुसऱ्या तपासनिसाकडे गेला. हा दूरच्या थंड देशातला गृहस्थ. शांत, सभ्य आणि माझ्याहून शंकेखोर.

त्याने लिहून पाठवलं की व्हिडिओ बनावट वाटतो.

त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. शिपाई एका दारातून दुसऱ्या भागात जातो तेव्हा पडदा क्षणभर काळा होतो. दोन तुकडे जोडायचे तर तीच जागा सोयीची. आणि नेमकं तिथेच वहिनींच्या खोलीतला उजेड एकदम कमी होतो, मागची घरघर बंद होते, आणि खेळाचा आवाज मोठा होतो. तो म्हणाला, ही दोन वेगळ्या वेळची रेकॉर्डिंग आहेत.

मी व्हिडिओ पाहिला आणि कपाळाला हात लावला. अहो, लाईट गेली होती! ट्यूबलाईट विझली, कूलर थांबला म्हणून खेळाचा आवाज मोठा वाटला, टीव्ही आणि गेम इन्व्हर्टरवर चालू राहिले. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी तसं लिहिलं. त्याचं उत्तर आलं: भर खेळात खोलीत अंधार झाला, तर त्या बाईंनी मान तरी वर केली असती. त्यांच्या तर पापण्याही हलल्या नाहीत.

आता याला काय सांगणार? आमच्याकडे लाईट गेल्यावर मान वर करायची म्हटलं तर दिवसभर मानच दुखेल.

बनावट ठरलं असतं तर वहिनींचं नाव यादीतून कायमचं गेलं असतं, पुढे कधीच काही पाठवता आलं नसतं. मी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "हरली असती तर चाललं असतं ताई. पण झूठी कशी म्हणतात मला? मी काय कोणाचं वाईट करून राहिली?" त्यांचा आवाज ऐकून मला त्या सभ्य माणसाचा असा राग आला की काय सांगू.

म्हटलं, पुरावाच देते. सुट्टीच्या दिवशी तुकईथडला गेले. तीच खोली, तोच कूलर, मोबाईल त्याच जागी. वहिनी खेळायला बसल्या आणि आम्ही लाईट जायची वाट पाहू लागलो. एरवी बोलावल्यासारखी जाते, त्या दिवशी मेली जाईचना. शेवटी गेली, आणि खोलीतली सगळी माणसं एका सुरात म्हणाली, "गेली!" वहिनींची मान सगळ्यात आधी वळली. शिपाई खड्ड्यात. दुसऱ्या वेळी मी सगळ्यांना ताकीद दिली, कोणी वळायचं नाही. तर सगळे लग्नाच्या फोटोत बसतात तसे ताठ बसले, दादाने तर श्वासच रोखला. ते पाहून वहिनींना हसू आवरेना, मलाही. "आज लाईटची वाट पाहून राहिले ना सगळे," त्या म्हणाल्या, "म्हणून दिसते ती." मोबाईल बंद केला आणि तशीच परत आले.

मग शेवटचा निर्णय करायला त्या गृहस्थाने आणि आणखी एका तपासनीस बाईने माझ्याशी मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून बोलायचं ठरवलं. त्यांची सकाळ, माझी सुट्टीची दुपार. मी तावातावाने बोलत होते. इन्व्हर्टर म्हणजे काय, गावाला वीज देणारा फीडर म्हणजे काय, सगळं सांगत होते. बोलता बोलता पाहिलं तर दोघंही माझ्याकडे टक लावून बघताहेत. मला वाटलं माझं इंग्रजी चुकलं.

तो गृहस्थ म्हणाला, "तुमच्या खोलीत आत्ता काय झालं?"

मी म्हटलं, "कुठे काय?"

त्याने बोट वर केलं. मी मान उचलली. माझी ट्यूबलाईट विझलेली होती, पंखा मंदावत होता. केव्हा गेली, मला कळलंही नव्हतं. मी वाक्यसुद्धा तोडलं नव्हतं. तो माणूस पहिल्यांदा हसला, आणि मलाही इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांच्या व्हिडिओतली सावली पकडणारी मी, माझ्या डोक्यावरचा अंधार मला दिसला नव्हता.

"ठीक आहे," तो म्हणाला, "ही शंका मिटली. आता एकच. शेवटाजवळ अजून एक जोड असावी असं वाटतं."

त्याने व्हिडिओचा शेवट लावला. तो भाग मी पाहिलेलाच नव्हता. शिपाई किल्ल्यात पोचला की वेळ मोजणं थांबतं, आणि आम्ही तपासणारी माणसं तिथेच थांबतो. पण रेकॉर्डिंग पुढे चालू होतं. वहिनींनी खेळाचा रिमोट खाली ठेवला, वेळेकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरून त्या रडू लागल्या. खांदे हलत होते. तेवढ्यात दादा आत आला. त्यांच्या समोरून गेला, टीव्हीवरची गाडीची चावी उचलली, खिसे चाचपले, आणि परत त्यांच्या समोरूनच बाहेर गेला.

"बाई एवढ्या रडताहेत आणि हा माणूस बघतही नाही," तो गृहस्थ अडखळत म्हणाला, "म्हणून विचारलं. इथे दोन तुकडे आहेत का?"

माझा दादा वाईट माणूस नाही. बायकोवर कधी आवाज चढवला नाही त्याने. पण त्या क्षणी तो समोर असता तर मी त्याचा कान धरला असता.

"नाही," मी म्हटलं. "ते त्यांचे यजमान आहेत. रेकॉर्डिंग सलग आहे."

त्या गृहस्थाने व्हिडिओ बंद केला. मग त्या बाईने हळूच, मंजूर, असं म्हटलं.

मी लगेच वहिनींना फोन लावला. नाव लागलं, पहिलं लागलं, सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी पाहिलं का सगळं?"

"पाहिलं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत वहिनी."

पलीकडे कूलरची घरघर ऐकू येत होती. "मग झालं," त्या म्हणाल्या. "कोणीतरी पाहिलं."