कोऱ्या गाडीचा राखणदार

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा गाडी वापरत नाही, राखतो. दोन वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झाला त्याच आठवड्यात त्याने पांढरी गाडी घेतली, दुकानातून घरापर्यंत चालवत आणली, गॅरेजमध्ये घातली आणि दुसऱ्या दिवशी भाजी आणायला बसने गेला. सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. कुणी चौकशी केली की म्हणायचा, "अगदी नव्यासारखी आहे!" अरे बाबा, नवीच आहे ती. तिला जुनं व्हायची संधी कुणी दिली?

हा गृहस्थ चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. जाळीच्या खिडकीमागे बसायचं आणि पुढ्यात येणाऱ्या प्रत्येकाकडे तो चोर असल्यासारखं बघायचं, हे त्याचं काम. कामगार नवा हातमोजा मागायला आला की आधी जुना दाखव म्हणायचा, आणि जुन्याची चार बोटं फाटलेली असली तरी "एक शाबूत आहे" म्हणून परत पाठवायचा. तो निवृत्त झाला तेव्हा स्टोअरच्या मागच्या फळीवर रबरी पट्टे सापडले, वापराविना कडक होऊन बिस्किटासारखे मोडणारे. दुसरा कुणी ओशाळला असता. हा छाती फुगवून सांगतो, "अकरा वर्षं एकही बाहेर जाऊ दिला नाही." घरातली मुलं त्याला 'कुलूप' म्हणतात. मीही म्हणते. तोंडावर 'तुम्ही', माघारी कुलूप.

बहीण स्वभावाने गरीब. लग्नानंतर तिलाही सगळं त्या जाळीच्या खिडकीतूनच मिळालं असं समजा. पण गेल्या वर्षी तिच्या मुलीला मुलगी झाली आणि बहिणीचं संथ पाणी ढवळलं. मुलगी राहते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलायच्या, त्यातली एक आली तर आली. मुलीची रजा संपत आली होती. तिने आईला विचारलं, आठवड्यातून तीन दिवस सांभाळशील का, नाहीतर पाळणाघरात ठेवते, सोमवारपर्यंत जागा धरून ठेवली आहे. बहीण नात झाल्यापासूनच, एकसष्टाव्या वर्षी, गाडी शिकत होती. गुडघा दुखायचा, गिअर अडकायचा, शिकवणारा पोरगेला मास्तर तिला "मावशी, क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे" असं ऐकवायचा, तरी शिकली. परीक्षा त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी होती. गाडी शिकवणाऱ्या शाळेची एकच गाडी, ती त्या दिवशी दुसऱ्यांनी आधीच धरलेली, म्हणून परीक्षेला घरचीच गाडी न्यायची होती. त्याच शुक्रवारी तिच्या शिकाऊ परवान्याची मुदत संपत होती. शुक्रवार हुकला की पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि नात पाळणाघरात.

घरची गाडी मात्र युद्धात गुंतलेली होती.

झालं असं, की दोनेक महिन्यांपूर्वी कुलपाला गॅरेजच्या कोपऱ्यात चार लेंड्या दिसल्या. तांदळाच्या कण्यांएवढ्या. दुसरा माणूस झाडू मारून मोकळा झाला असता. याने मला फोन करून बोलावलं, कारण मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते.

"ताई, या उंदराच्याच ना?"

"हत्तीच्या नक्कीच नाहीत," मी म्हटलं. "गाडी रोज चक्कर मारून आणा. रोज हलणाऱ्या घरात कुणी बाळंतपण करत नाही."

"चालवली की झिजते, ताई."

पालथ्या घड्यावर पाणी. मग सुरू झाले उपाय. आधी डांबरगोळ्या: बॉनेटखाली, डिकीत, सीटखाली. गाडीत बसलं की डोळ्यांतून धारा. उंदरांनी दोन गोळ्या कोपऱ्यात ढकलून ठेवल्या, वाटेत येत होत्या म्हणून. मग पुदिन्याच्या तेलात भिजवलेले कापसाचे बोळे. ते उंदरांनी पळवले. पिल्लांना मऊ अंथरूण आणि वर सुवास. मग भिंतीत खोचायचं एक यंत्र आणलं, त्यातून म्हणे माणसाला ऐकू न येणारा आणि उंदराला सोसवणार नाही असा आवाज निघतो. आवाज माणसाला ऐकू येत नाही, हे त्या यंत्राबद्दलचं एकमेव सत्य मला पडताळता आलं. शेवटी मी म्हटलं, मांजर आणा. तर म्हणाला, "नखांचे ओरखडे उठतील बॉनेटवर." म्हणजे उंदीर चालतील, पण ओरखडा नको.

मग त्याला आपल्या मते रामबाण उपाय सुचला. सगळी भोकं बुजवायची. आता हा उपाय मुळात चांगला आहे, मीही तोच सांगितला असता. नळाभोवतीची फट त्याने तारेच्या घासणीने ठासून भरली, वर सिमेंट लिंपलं. झरोक्याला बारीक जाळी ठोकली. दाराखाली लोखंडी पट्टी लावली, इतकी घट्ट की मुंगीलाही आडवं व्हावं लागलं असतं. तीन दिवस खपत होता. काम सुरेख केलं, खोटं का बोलू? मग त्याने दार लावून घेतलं आणि जाहीर केलं, "एकवीस दिवस उघडायचं नाही. वास गेला पाहिजे त्यांचा."

"अहो, पण माझा सराव?" बहिणीने विचारलं.

"अगं, परीक्षेआधी चार दिवस मिळतायत की."

एकविसावा दिवस परीक्षेच्या आठवड्यातला सोमवार होता. मी मुद्दाम गेले. कुलपाने दार वर सरकवलं आणि आतून असा भपकारा आला की आम्ही तिघंही दोन पावलं मागे सरलो. मुताचा वास, डांबरगोळ्यांचा वास आणि त्यावर पुदिना. गाडीचं आच्छादन कडेने कुरतडलेलं. आतली मागची सीट पोटातून फुटलेली, प्लॅस्टिकसकट. आमच्या डोळ्यांदेखत एक उंदीर डॅशबोर्डवरून शांतपणे चालत गेला. धावलासुद्धा नाही. गाडीत फिरायला निघालेला तो त्या घरातला पहिलाच.

"आले कुठून?" कुलूप ओरडला. "एक भोक ठेवलं नाही मी!"

"आले नाहीत. होतेच," मी म्हटलं. "तुम्ही बाहेरच्यांसाठी दार लावलंत. आत कोण आहे ते बघितलंत का?"

त्याने बघितलं नव्हतं. चौतीस वर्षं त्याच्या मते चोर नेहमी खिडकीच्या पलीकडेच असायचा. बाहेर जायची वाट नाही, खायला दाणा नाही; उंदरांनी मग जे होतं ते खाल्लं. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, याने उंदरांसाठी डोंगर बांधून दिला होता, तोही गादीसकट.

बहीण किल्ली घेऊन पुढच्या सीटवर बसली आणि चालू करून बघितलं. टक् झालं, बस. पुन्हा टक्. तिथेच तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि रडायला लागली, आवाज न करता, खालचा ओठ दातांत धरून. कुलूप म्हणाला, "अगं, सीटवर पाणी सांडू नकोस." ही नोंद मी मुद्दाम इथे करून ठेवते. एवढं म्हणून त्याने तिच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि खिशात घातली.

मी मेकॅनिकला बोलावलं. तो आला, बॉनेट उघडलं आणि हसू आवरण्यासाठी खोकला. एअर फिल्टरच्या डब्यात घर होतं: सीटचा स्पंज, कापूस आणि गाडीच्या माहितीपुस्तकाची पानं.

"काका, वाचून झाल्यावर खाल्लंय," तो म्हणाला. "चार वायरी तोडल्यात. फिल्टर गेला. बॅटरी उभ्या उभ्या मेलीये, तिला उंदीर जबाबदार नाहीत."

"शुक्रवारपर्यंत होईल?" बहिणीने डोळे पुसत विचारलं.

"गुरुवारी संध्याकाळी देतो. पण काकू, गाडी बाहेर काढू, दार सताड उघडं ठेवा, म्हणजे जातील बिचारे. आणि काका, गाडी चालवा हो. मी उंदरांच्या जिवावर निम्मा धंदा करतो, तरी सांगतोय."

आम्ही चौघांनी गाडी ढकलून बाहेर काढली. चौघांनी म्हणजे मेकॅनिकने, मी आणि बहिणीने. कुलूप रंगावर ऊन लागेल म्हणून चादर धरून बाजूने चालत होता. मंगळवारी सकाळी गॅरेज रिकामं झालं. उंदीर गेले. त्यांना कुणीही हाकललं नाही, नुसती वाट दिली. मग त्या रिकाम्या गॅरेजचा कोपरा न् कोपरा मी स्वतः विजेरीने तपासला आणि मगच दाराची पट्टी परत बसवू दिली.

मेकॅनिक शब्दाचा पक्का. गुरुवारी संध्याकाळी गाडी गुरगुरायला लागली. कुलपाने इंजिन बंद केलं, किल्ली पुन्हा खिशात टाकली.

शुक्रवारी सकाळी नऊला मी पोचले तेव्हा बहीण साडीवर बूट घालून तयार होती आणि कुलूप खुर्चीत पेपर उघडून.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"नव्या वायरी आहेत. आठवडाभर निरीक्षण करू."

"अहो, आज शेवटचा दिवस आहे."

"पुढच्या वेळी दे परीक्षा. सहा महिन्यांनी काय बिघडतंय?"

"सहा महिन्यांनी ती चालायला लागलेली असेल. दुसऱ्या कुणाचं तरी बोट धरून."

त्याने पेपरचं पान उलटलं. माझ्या जिभेवर जे आलं होतं ते इथे छापता येणार नाही. पण बहीण वळली, फोनशेजारच्या वहीतला एक कागद फाडून घेतला आणि उभ्यानेच लिहिलं. मग पेपरावर ठेवला. मी वाकून वाचलं. वस्तू: गाडी, नग एक. मागणार: बायको. कारण: नात. खाली तारीख आणि सही.

मला वाटलं, टोमणा आहे, आता भांडण पेटेल. कुलपाने चष्मा नाकावर सरकवला आणि कागद दोनदा वाचला. अगदी गंभीरपणे. मग म्हणाला, "विभागप्रमुखाची सही?"

मी कागद ओढला आणि सही ठोकली. मी कुठल्याही विभागाची प्रमुख नाही, कॉलेजातही कधी झाले नाही. पण सही बघून त्या माणसाचा हात आपसूक खिशात गेला. रीतसर भरलेली मागणीची चिठ्ठी त्याने स्टोअरच्या खिडकीतून आयुष्यात परत पाठवली नव्हती. बायको पाच महिने तोंडाने मागत होती, ते त्याच्या लेखी मागणं नव्हतंच! किल्ली देऊन झाल्यावर आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो उठून फाटकापर्यंत आला. पण आम्ही निघालो होतो.

परीक्षेत गाडी एकदा बंद पडली. परीक्षक बाई होती, माझ्यासारखीच तुसडी. नाक मुरडून म्हणाली, "गाडीला कसला वास येतोय?"

"उंदरांचा," बहीण म्हणाली. "आता नाहीत."

गाडी मागे घेताना तिने खांब बरोब्बर टाळला आणि पास झाली.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. वाटेत दोन चौकांत गाडी बंद पडली, मागचे हॉर्न वाजवत सुटले. "वाजवू दे," ती म्हणाली आणि सावकाश, एकेक पायरी आठवत पुन्हा चालू केली. मुलगी दारातच कामावर जायच्या तयारीत उभी होती. पोर आजीच्या हातात देऊन ती निघून गेली. अर्ध्या तासाने पोर आजीच्या खांद्यावर लाळ गाळत पेंगायला लागली, तेवढ्यात कुलपाचा फोन.

"गाडी कुठे लावलीस?"

"रस्त्यावर."

"उन्हात?"

"हो."

"अगं, बॉनेट उघडून एकदा बघून तरी घे ना, आत काही..."

बहिणीने फोन माझ्या हातात दिला.

"बाळ झोपतंय," मी म्हटलं. "ठेवा."