वेंदुलाचा पहिला गुण

वेंदुला हावेल्कोव्हा चालायला शिकली ती टेनिसच्या कोर्टावर, आणि हे सांगताना तिच्या बापाची छाती अजून फुगते. बोहुमिल म्हणजे आमच्या क्लबातल्या कोर्टांची निगा राखणारा माणूस. क्लबाच्या आवारातच, पॉपलरच्या झाडांच्या रांगेला लागून त्याचं घर. सकाळी उठून लाल मातीला पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, जमिनीवरून जाळी ओढून माती सारखी करायची, पांढऱ्या रेघा झाडायच्या आणि मग जो कोणी पहिला खेळायला येईल त्याच्या बुटांकडे संशयानं बघत राहायचं. खेळून झाल्यावर जाळी न ओढता कोणी निघालं, तर तो गावचा महापौर का असेना, बोहुमिल त्याला फाटकातून परत बोलवायचा. महापौर यायचाही.

बोहुमिलचं कोर्ट ओलसर आणि जड. बाहेरून खेळायला येणारे कुरकुरायचे की इथं चेंडू पुढं जायलाच तयार नसतो. वेंदुलाला मात्र दुसरी माती ठाऊकच नव्हती. ती त्या जड मातीवर घसरत घसरत वाढली. बाकीच्या पोरी चेंडूपर्यंत धावतात. ही धावायची आणि शेवटची दोन पावलं नुसती घसरत जायची, आणि जिथं थांबायची तिथं चेंडू हजर असायचा. क्लबाचा म्हातारा प्रशिक्षक शिमेक म्हणायचा, हे मी शिकवलेलं नाही, आणि दुसऱ्या कोणाला शिकवताही येणार नाही.

अठराव्या वर्षापर्यंत ती ज्युनियरमध्ये खेळली आणि चांगली गाजली. पॅरिसला खेळून आली, जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला, बेकरीतली बाई न मागता हातावर गोड कोलाच पाव ठेवायला लागली. बोहुमिल जुन्या श्कोडातून तिला गावोगावी न्यायचा, आणि जिथं जाईल तिथल्या मातीला नावं ठेवून यायचा.

मग मोठ्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि पोरीचे पाय जमिनीवर आले. ज्युनियरमध्ये तिचा फोरहँड एकदा बसला की समोरची निम्मी गळायची. इथल्या बायका गळत नव्हत्या. त्या चेंडू परत करायच्या, पुन्हा परत करायच्या, आणि चेहरा असा की घरी गॅसवर भाजी ठेवून आलेय, आटप लवकर. तुर्कस्तानात तिला एका रोमानियन बाईनं हरवलं. त्या बाईचं तान्हं पोर कुंपणाबाहेर बाबागाडीत झोपलेलं होतं. मॅच संपली तरी ते उठलं नव्हतं, यावरून काय ते समजून घ्यावं.

मोठ्यांच्या क्रमवारीतला पहिला गुण मिळवायचा तर मुख्य फेरीतली एक मॅच जिंकावी लागते. एकच. शाळेची शेवटची परीक्षा पास झाली त्या दिवशी वेंदुलाच्या आईनं, ब्लांकानं, जेवणाच्या टेबलावर तेवढंच मागितलं होतं. ब्लांका ओलोमोउत्सच्या इस्पितळात रक्त तपासायच्या कामाला. बाईला अंदाज, शक्यता, बघू पुढे, असली भाषा आवडत नाही.

"सप्टेंबरात कॉलेजात नाव घालायचंय," ती म्हणाली. "तोपर्यंत एक गुण आण. आणलास तर मी तुझ्या मागं उभी. नाही आणलास तर फिजिओथेरपी शिकायची, आणि टेनिस शनिवार-रविवारी."

"एकच? मला वाटलं दहा तरी मागशील," वेंदुला म्हणाली.

आता या पोरीला आत्मविश्वास कोणी शिकवला, देवाला ठाऊक. आमच्या हाना भागातली माणसं तशी संथ; स्वतःबद्दल बरं बोलायची वेळ आली की बटाट्याच्या पिकाबद्दल बोलतात. पण वेंदुला लहानपणापासून अशीच. उन्हाळाभर ती पहिल्याच फेरीत हरत राहिली आणि प्रत्येक वेळी घरी येऊन सांगत राहिली की मी तिच्यापेक्षा चांगली आहे, फक्त तिला अजून कळलेलं नाही. ब्लांका म्हणायची, तिला कळवायची काहीतरी सोय कर मग.

ऑगस्ट संपत आला. कॉलेजात नाव घालायच्या आधीची शेवटची स्पर्धा आमच्याच क्लबात होती, आणि क्लबानं आपल्या हक्काचं वाइल्ड कार्ड, म्हणजे थेट मुख्य फेरीतली जागा, वेंदुलाला दिली. सोडत निघाली. पहिल्या फेरीत समोर शार्का दोलेझालोव्हा.

शार्का म्हणजे घरचीच. तेहेतीस वर्षांची, डावखुरी, आमच्या बायकांच्या संघात वेंदुलाच्या खालच्या नंबरवर खेळणारी. पंधराएक वर्षं ती जगभर लहानसहान स्पर्धा खेळत हिंडली. टीव्हीवर कधी दिसली नाही आणि कुणापुढं हात पसरायलाही गेली नाही. परक्या गावात बेसिनमध्ये कपडे कसे धुवावेत आणि विमानतळावरच्या बाकावर पाठ न आखडता कसं झोपावं, हे वेंदुलाला तिनंच शिकवलेलं. ही स्पर्धा झाली की ती खेळणं सोडून क्लबातल्या पोरांना शिकवायला लागणार होती.

सोडत लागली त्या संध्याकाळी दोघी क्लबाच्या बुफेत कोफोला, म्हणजे आमच्याकडचा कोला, पीत बसल्या होत्या.

"सोडत पाहिलीस?" शार्कानं विचारलं.

"पाहिली."

"रडलीस?"

"हसले."

"बरं. सांगून ठेवते, मी तुला सोडणार नाहीये. शेवटच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरले तर आई घरात घेणार नाही मला."

"घेईल. तुझी आई कुणालाही घरात घेते."

"ज्युनियरची राणी," शार्का शांतपणे म्हणाली, आणि वेंदुलाच्या बशीतला सॉसेजचा शेवटचा तुकडा उचलून तोंडात टाकला.

घरी जेवायला आलुबुखारं घातलेले वाफेचे गोळे होते, वर लोणी आणि साखर. एरवी बोहुमिल त्यांचा फडशा पाडतो. त्या दिवशी तो काट्यानं नुसता गोळा फिरवत होता.

"शार्काचा तो आखूड चेंडू," तो म्हणाला. "जाळीपलीकडं हळूच टाकते तो. ओल्या मातीत मरतो ना? उठतच नाही."

"मरतो."

"आणि माती कोरडी असली तर?"

"तर उठतो जरा. का रे बाबा?"

"काही नाही. आपलं असंच."

ब्लांका नवऱ्याला म्हणाली, "बोहूश, ताटात बघ."

दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं. मॅच दुपारची. मधल्या कोर्टाच्या बाकांवर अर्धं गाव येऊन बसलेलं, सॉसेजच्या धुरानं सगळ्यांची भूक खवळलेली. वेंदुला कोर्टात आली तीच मुळी जिंकल्यासारखी. पहिला चेंडू तिनं असा हाणला की शार्कानं रॅकेटसुद्धा हलवली नाही. बाकांवरनं टाळ्या पडल्या.

त्यानंतर काय झालं ते तिचं तिलाच कळेना. चेंडू हातभर पुढं जायला लागले. रेघेवर पडायचे ते रेघेबाहेर पडायला लागले. त्याहून वाईट म्हणजे पाय. ती धावायची, शेवटची दोन पावलं घसरायची, आणि चेंडू मागं टाकून पुढं निघून जायची. आपल्याच घरात, अंधारातसुद्धा न अडखळता जिथं वावरावं, तिथं कोणीतरी सामान हलवून ठेवावं, तसं तिला वाटत होतं. शार्का काही विशेष करत नव्हती. चेंडू परत टाकत होती आणि वाट बघत होती. पहिला सेट तिनं आरामात घेतला.

वेंदुला खुर्चीत बसली. तिला स्वतःचा राग येत होता. कॉलेजचं नाव डोळ्यांपुढं यायला लागलं. घाम पुसायला ती वाकली, आणि तिचं लक्ष मोज्यांकडं गेलं. या कोर्टावर खेळून तिचे मोजे कायम विटकरी चिखलानं माखलेले असायचे. ब्लांकानं ते घासताना कितीदा कपाळाला हात लावलेला. आज मोज्यांवर फिकी धूळ होती. नुसती धूळ.

तिनं कोर्टाकडं पाहिलं. कडेची कोर्टं गडद दिसत होती. हे एकटंच फिकं, भाजल्यासारखं. सकाळी याला पाणी मारलेलं नव्हतं, दुपारीही नाही. आणि मग कालचं जेवण आठवलं, तो काट्यानं फिरवलेला गोळा आठवला, आणि सगळं ध्यानात आलं. कुंपणापाशी बोहुमिल टोपी हातात धरून उभा होता. एवढ्या वर्षांत ज्यानं एक दिवस कोर्टाला तहानलेलं ठेवलं नाही, त्यानं आज लेकीसाठी ते कोरडं ठेवलं होतं. शार्काचा आखूड चेंडू उठावा म्हणून. लेकीचे पाय आपल्या पाण्यावर वाढलेत, हे तो बापमाणूस साफ विसरला होता.

तिला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी पोटातून मायाही दाटून आली. दोन्हींसाठी वेळ नव्हता. ती पंचांकडं गेली.

"कोर्ट फार कोरडं झालंय," ती म्हणाली. "सेट सुरू व्हायच्या आधी पाणी मारून मिळेल का?"

पंचांनी मुख्य पंचाला बोलावलं. त्यानं बुटानं माती उकरून पाहिली, मान हलवली आणि शार्काला विचारलं.

"माझं काय जातंय," शार्का म्हणाली. मग वेंदुलाकडं वळून हळू आवाजात: "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? माझे चेंडू आता चिखलात बसतील. उठायचे नाहीत."

"माहितीय."

"मग?"

"मग मी पळेन."

बोहुमिल नळी ओढत आत आला. बाकांवर कुजबुज सुरू झाली. बोहुमिलचं कोर्ट आज कोरडं कसं, हे एव्हाना बऱ्याच जणांना उमगलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. वेंदुलाच्या खुर्चीजवळ आल्यावर तो थांबला आणि नजर न उचलता म्हणाला, "वेंदुल्को, थोडंच मारू का? वरवर?"

"रोज मारतोस तसं मार, बाबा."

त्यानं रोजच्यासारखं मारलं. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडं, घाई न करता, नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून. माती गडद होत गेली. सगळं गाव बघत बसलं होतं.

दुसरा सेट वेंदुलानं घेतला. फोरहँडचा जोर कमी झाला होता, चेंडू जड होऊन परत येत होते, पण पाय तिचे होते. जिथं घसरून थांबायची तिथं चेंडू भेटत होता. तिसऱ्या सेटमध्ये शार्कानं आपली सगळी पोतडी उघडली. आखूड चेंडू, मग डोक्यावरून उंच चेंडू, मग पुन्हा आखूड. ओल्या मातीत ते खरंच मरत होते. पाच वेळा टाकले तर तीन वेळा वेंदुला पोचायची आणि दोन वेळा पोचायची नाही, आणि न पोचल्यावरही तिच्या चेहऱ्यावर पुढच्या वेळी पोचेन असंच असायचं. तुर्कस्तानातल्या त्या बाईसारखी तीही आता वाट बघत होती. चेंडू परत करत होती. पुन्हा परत करत होती. एकदा तर एवढा वेळ चेंडू इकडून तिकडं जात राहिला की बुफेतली बाई झारा हातात घेऊन कुंपणाशी येऊन उभी राहिली.

शेवटाला शार्काचे पाय दमले. तिनं एक आखूड चेंडू टाकला, जरासा उंच, बोटभर लांब. वेंदुला घसरत आली, थांबली, आणि तो अलगद मोकळ्या कोपऱ्यात ठेवून दिला. जोर लावायची गरजच नव्हती.

जाळीपाशी शार्कानं तिला मिठी मारली. तिचे डोळे भरले होते, आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

"ऐक," ती म्हणाली. "पुढची हरशील. त्याच्या पुढचीही हरशील बहुतेक. इथं तुला तुझी माती मागून मिळाली. बाहेर मागितलीस तर हसतील."

"हसू देत."

"जा आता. आईकडं जा आधी."

ब्लांका बाकावरून उठून कोर्टाच्या दारापाशी आली होती. रडली वगैरे नाही. तिनं लेकीच्या कपाळावरची माती पदराअभावी स्वतःच्या बाहीनं पुसली.

"एक गुण," ती म्हणाली.

"एक."

"तुझ्यापुढं किती जणी आहेत अजून?"

"हजारेक असतील."

"मग लाग कामाला. कॉलेजला सोमवारी मीच फोन करते, येत नाही म्हणून."

दुसऱ्या फेरीत वेंदुला हरली, शार्का म्हणाली होती तशी. त्या संध्याकाळी बोहुमिल कोर्टावर जाळी ओढत होता तेव्हा ती त्याच्यापाशी आली आणि जाळीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून एक फेरी ओढली.

"वाईट केलं मी," तो शेवटी म्हणाला. "शार्काचंही, तुझंही. शार्काला सांगून आलो मी. ती हसली."

"हसणारच."

"पुढच्या आठवड्यात कुठं?"

"स्लोव्हेनियात."

"मग गुरुवारी निघू. गाडीचं तेल उद्याच बदलून घेतो. आणि तिथल्या मातीचं काय, ते आधी विचारून—"

"बाबा," ती म्हणाली. "मी एकटी जाणारे. बसनं."

बोहुमिल थांबला. जाळीही थांबली. त्यानं घसा खाकरला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"तिथली माती कसली असेल, काय माहीत," तो म्हणाला.

"असेल तशी असेल."

त्यानं तिच्या हातातलं जाळीचं टोक घेतलं. मग मान हलवली, जाळी उचलली आणि उरलेलं अर्धं कोर्ट त्यानं एकट्यानं ओढून काढलं.